टेबलाखालचा कौल

च्यायी, ४ मार्च

प्रिय ताई,

इथे हवा अजून गार आहे. सकाळी धुकं असतं, दुपारी ऊन पडतं आणि साडेचारला आम्ही बाजारात गाडा लावायला घेतला की नेमका वारा सुटतो. शेगडीभोवती पत्रे उभे करावे लागतात. तुमच्याकडे थायतुंगला समुद्रावरून येणारा वारा यापेक्षा गरम असेल.

बाबांची कंबर होती तशीच आहे. उभे राहतात, फार वेळ बसत नाहीत. आईच्या फोटोपुढची उदबत्ती रोज तेच लावतात. मला अधूनमधून दमा होतो, पण लहानपणीसारखा नाही. तू कशी आहेस? न्याहारीच्या दुकानातल्या कामासाठी पहाटे तीनला उठावं लागतं असं कळलं. हात भाजतात का?

पहिल्या परिच्छेदात हवा, दुसऱ्यात तब्येत आणि तिसऱ्यात खरं, असं पत्र लिहायला तू मला शिकवलंस. दम्यामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. गाड्यामागे उलट्या बादलीवर बसून कागदी ताटल्यांवर तू माझ्याकडून लिहून घ्यायचीस. तर खरं हे, की यंदा आपला गाडा बाजारातल्या दहा आवडत्या गाड्यांमध्ये आला. नव्या वर्षाच्या सुट्टीत गिऱ्हाइकांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. शिया मावशीचं शेंगदाण्याचं गोड सूप पहिलं, थू काकांचा आंबवलेला टोफू चौथा आणि आपली अंडं घालून धिरड्यासारखी केलेली कालवं सातवी. थू काका सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "चौथा! माझ्या वासानं पळालेली माणसंसुद्धा चिठ्ठी टाकायला परत आली!" मावशी म्हणाली, "कशाची परत येतायत! सर्दीचे दिवस होते, नाकं बंद होती सगळ्यांची."

देवी माझूआईच्या वाढदिवसाला, २७ एप्रिलला, देवळाच्या अंगणात पितळी पाटी लागणार आहे. तू यावंस असं मला वाटतं. बाबांनी लिहायला सांगितलेलं नाही, पण त्यांनाही वाटत असणार. जुनी गिऱ्हाइकं अजून विचारतात, "मोठी कुठंय? तिची कड कुरकुरीत व्हायची." मी सांगते, बाहेरगावी आहे. ते माझ्या हातचं खातात आणि चांगलं आहे म्हणतात. पण कड ताटलीतच ठेवून जातात.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून टपालानं पाठवते. पत्ता शिया मावशीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी दोन आठवडे तिच्या मागे लागले होते.

तुझी,
युनचन

च्यायी, १३ मार्च

प्रिय ताई,

हवा तशीच. तब्येती तशाच.

बाजार समितीच्या खो बाई काल वही घेऊन आल्या होत्या. पाटीवर प्रत्येक गाड्याच्या नावाखाली एक ओळ कोरायची आहे. शिया मावशीनं सांगितलं, "लिहा, नवऱ्याला कंटाळून सूप ढवळत बसली, अजून ढवळते आहे." बाईंनी ते लिहिलं नाही. मग त्या आपल्याकडे आल्या आणि बाबांनी ती गोष्ट सांगितली.

ते आता ती सगळ्यांनाच सांगतात. मध्ये थांबायचं कुठे, आवाज खाली आणायचा कुठे, सगळं ठरून गेलंय. "परवान्यावर नाव एकच लागतं, बाई, आणि मला मुली दोन. कुणालाही निवडलं असतं तरी दुसरीचं तोंड मला बघवलं नसतं. म्हटलं, माझूआईलाच विचारू. मोठीचं नाव आधी. जिला सलग तीन कौल मिळतील, तिचा गाडा." मग ते दोन्ही हातांची अर्धचंद्रं करून दाखवतात. कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकायचे, एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार, दोन्ही पालथे तर नकार, दोन्ही उताणे तर देवी नुसती हसली. बाईंचं सगळं आयुष्य त्या देवळाच्या सावलीत गेलंय, त्यांना हे काय सांगायचं? पण त्या ऐकत राहिल्या. "मोठीला दोन होकार मिळाले. तिसऱ्याला देवी हसली. धाकटीला मात्र एक, दोन, तीन! सलग! पुजारी म्हणाला, असं वर्षावर्षात बघितलं नव्हतं."

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "ओळ मिळाली. 'देवीनं निवडलेल्या मुलीच्या हातची कालवं.' छान आहे ना गं?"

मी तव्याकडे बघत होते. तव्यावर पाच घाणे होते. पाचही करपले. बाबा म्हणाले, "अगं, लक्ष कुठंय?" थू काका पलीकडून म्हणाले, "आज माझ्यापेक्षा तुमचा वास जास्त येतोय!" सगळे हसले. मीही हसले. मग तवा खरवडला आणि गिऱ्हाइकांना दुसरे घाणे घालून दिले.

एक विचारायचं होतं. तिसऱ्या कौलाला दुसरा तुकडा घरंगळत नैवेद्याच्या टेबलाखाली गेला होता, आठवतं? तेव्हा तू कुठे उभी होतीस? तुला तिथून काही दिसलं होतं का?

उगाच विचारलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण २७ तारखेला ये.

युनचन

च्यायी, २५ मार्च

प्रिय ताई,

माझी दोन्ही पत्रं परत आली. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी वाटलं, न फोडता परत पाठवलीस. फोडलं तर आत लाल शाई.

पहिल्या पत्रात वाऱ्याच्या ओळीखाली रेघ मारून तू लिहिलं आहेस, "गरम नसतो. न बघता लिहू नये." हात भाजतात का, याच्या समोर, "हो." आणि जिथे मी "खरं हे" म्हटलं होतं तिथे, "ही बातमी आहे." दुसऱ्या पत्राच्या शेवटी फक्त एवढंच, "तिसरा परिच्छेद कुठे आहे?"

शिया मावशी सुपाचा वाडगा घेऊन आली, तेव्हा मी गाड्यामागे बादलीवर बसून हेच वाचत होते. म्हणाली, "रडतेस का हसतेस?" दोन वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द आहेत आणि तू माझा अभ्यास तपासला आहेस.

त्या दिवसापासून रोज लिहायला बसते. काल चार कागद फाडले. पहिल्या कागदावर फार लिहिलं होतं, दुसऱ्यावर फार कमी, तिसऱ्यावर मी चांगली दिसत होते. चौथ्यावर काय होतं ते आठवत नाही. झोप लागत नाही. कालवं तीनदा धुवायची असतात, मी पाचदा धुते. त्यांची चव निघून जाते हे कळतं, तरी धुते.

आज एवढंच लिहिता येतंय. लांब गेलेला तुकडा वडीलधाऱ्यानं बघितल्याशिवाय कुणी हात लावायचा नसतो. बाबा वाकू शकत नव्हते, म्हणून बघायला मी खाली गेले. मी हाक मारून पुजाऱ्याला दाखवायला हवा होता. मी दाखवला नाही. मी हात लावला. हे खरं आहे.

पण हे पूर्ण नाही. लाल शाई लावू नकोस, मला माहीत आहे हे पूर्ण नाही.

युनचन

च्यायी, ३ एप्रिल

ताई,

मी तो उलटवला.

हवा आणि तब्येत आज नको.

टेबलावर झालर होती. मी ती वर केली आणि गुडघ्यांवर आत गेले. आत उदबत्तीची राख होती आणि कुणाची तरी पडलेली संत्र्याची साल. तुकडा टेबलाच्या मागच्या पायाला टेकून होता. गोल बाजू वर, म्हणजे पालथा. बाहेर गुडघे टेकायच्या उशीसमोर पडलेला पहिला तुकडा उताणा होता, तो आपण सगळ्यांनीच बघितला होता. एक उताणा, एक पालथा. तुझा तिसरा होकार. तिथेच सगळं संपलं होतं, माझं नाव विचारायची वेळसुद्धा यायला नको होती.

मी बोट लावलं आणि तो पलटला. मग मी म्हणाले, "उताणा आहे." आणि तो तसाच बाहेर आणून बाबांच्या हातावर ठेवला.

बाही लागली, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. अंधार होता, घाई होती, बाही लागली. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना तो दिवस नीट आठवला. त्या दिवशी मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता.

का केलं तेही सांगते, पण ते कारण म्हणून घेऊ नकोस. आदल्या संध्याकाळी आपण दोघी पातेली घासत होतो. तू म्हणालीस, "गाडा माझ्याकडे आला ना, चन, की तुला थायपेईला मामाच्या ऑफिसात लावू. तुझे हात मंद आहेत, पण डोकं चांगलं आहे. इथे आयुष्यभर धुरात कशाला?" तू माझ्या भल्यासाठी बोललीस. तव्यासमोर तू सोळाव्या वर्षापासून उभी होतीस आणि माझ्या हातून अजूनही पीठ एका बाजूला वाहायचं. तुझं काही चुकत नव्हतं. मला मात्र एवढंच ऐकू आलं की मला पाठवून देणार. मला गाडा नको होता, ताई. मला गाड्यामागची बादली हवी होती. त्या बादलीवरून उठून मी कधी कुठे गेलेच नव्हते.

मग माझ्या नावाला सलग तीन होकार आले. ते मी केले नाहीत. ते का आले, हा विचार मी रोज करते. देवी फसली म्हणावं, तर तिला फसवणारी मी कोण? गाडा शिक्षा म्हणून दिला म्हणावं, तर गिऱ्हाइकं हसून खातात. मला कळत नाही.

पण हे पत्र माझ्यासाठी लिहिलेलं नाही. देवळाच्या पायऱ्या उतरताना तू म्हणाली होतीस, "तिच्या मनातून उतरले मी. लग्न मोडलं तेव्हाच उतरले असणार." ते ऐकून मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गाडीत बसलीस तेव्हाही गप्प राहिले. तुझं उलथणं तू खिळ्यावर तसंच सोडून गेलीस. मावशी सांगते, थायतुंगला तुझ्या खोलीसमोरच माझूआईचं देऊळ आहे आणि तू रस्त्याच्या पलीकडून जातेस. ताई, अलीकडून जा. तुझ्या मोडलेल्या लग्नाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिनं तुला तीनदा हो म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तोंड दाबलं ते मी.

सोबत परवाना बदलायचा अर्ज आहे. माझी सही केली आहे, तुझी जागा रिकामी आहे. मुदत जूनअखेर आहे. सही कर किंवा फाडून टाक. बाबांना अजून सांगितलेलं नाही. परवा आईच्या थडग्यावर जायचं आहे, तिथे सांगेन. माफी मागावी की नाही तेच समजत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी आधीच खूप घेतलंय.

युनचन

च्यायी, १५ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. तरी लिहिते, कारण घडलंय ते तुझंही आहे.

बाबांना सांगितलं. थडगी झाडायच्या दिवशी टेकडीवर गर्दी होती. शेजारच्या थडग्यावर एक कुटुंब सकाळपासूनच डबा उघडून बसलं होतं. मी झाडू घेऊन उभी होते आणि बाबा आईच्या नावाभोवतीचं गवत उपटत होते. बोलायला तोंड उघडलं आणि मला दिसलं की बाबा वाकले आहेत. कमरेतून, पार जमिनीपर्यंत, एका हातानं दगडाला धरून.

मी सगळं सांगितलं. झालर, साल, पाय, बोट. ते गवत उपटतच राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मला तेव्हाही वाकता येत होतं."

मला कळेना. मी म्हणाले, "बाबा, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. तेव्हाही ऐकलं होतं." ते सरळ झाले आणि हातावरची माती झटकली. "लाकूड एकदा पडतं, चन. मी दोनदा ऐकलं. एकदा पडल्याचं. मग तू आत गेलीस, आणि आणखी एकदा."

शेजारचे लोक संत्री सोलत होते. त्यातली एक बाई आमच्याकडे बघून हसली आणि तिनं दोन संत्री पुढे केली. बाबांनी ती घेतली आणि तिचे आभार मानले. मग मला म्हणाले, "मोठी, जुंग, कुठेही जगेल असं वाटलं. तू नसती जगलीस. मी मनात म्हटलं, असेल, देवीनंच तुझ्या हातून करवलं असेल."

"मग सगळ्यांना सांगत का सुटलात? देवीनं निवडली म्हणून?"

"सांगत राहिलो तर खरं होईल असं वाटलं."

"झालं का?"

"नाही," ते म्हणाले. "तोंडपाठ झालं."

मी त्यांच्यावर ओरडले, ताई. आयुष्यात पहिल्यांदा, तेही आईसमोर. म्हणाले, तुम्ही एका शब्दानं थांबवू शकला असता. आणि ओरडतानाच कळत होतं की एका शब्दानं मीही थांबवू शकले असते. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. घरी आल्यावर त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं माझ्यासमोर ठेवलं. मी ते रात्रीपर्यंत खाल्लं नाही. मग खाल्लं.

दुसऱ्या दिवशी खो बाईंकडे गेले. पाटी कोरून तयार होती, भिंतीला टेकून ठेवली होती. मी म्हणाले, सातवी ओळ काढा.

"का गं? शुद्धलेखन चुकलं का?"

"ओळ खोटी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघ पोरी, कालवं कुठेही मिळतात. लोक गोष्ट खायला येतात."

"देवीनं निवडलं होतं. माझ्या बहिणीला."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, नवी पाटी करायला वेळ नाही, घासून टाकली तर पांढरा ओरखडा राहील आणि येणारा जाणारा विचारेल, इथे काय होतं. मी म्हणाले, विचारू दे.

तिथे थू काका आपल्या ओळीत एक शब्द वाढवून मागायला आले होते. म्हणजे अंधार पडायच्या आत सगळ्या बाजाराला कळलं. नेहमीची बडबड बंद झाली, नुसते तवे वाजत होते. शिया मावशीनं दोन दिवस सूप पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः वाडगा घेऊन आली आणि माझ्यासमोर आदळला. "लीजुंगला स्टेशनवर मी पोचवलं होतं. अख्खा रस्ता ती मला विचारत होती, मावशी, माझं काय चुकलं. आणि तू इथे कांदे चिरत होतीस. पी आता, गार होईल."

मी प्यायले. वाडगा धुऊन परत दिला.

बाबा आता गोष्ट सांगत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, "धाकटी करते. मोठी जास्त चांगली करायची." २७ तारीख जवळ आली की मला वाटतं तू येऊ नयेस. मग वाटतं यावंस. दिवसातून वीस वेळा होतं असं.

युनचन

च्यायी, २९ एप्रिल

ताई,

तू आलीस आणि गेलीस. जे तुझ्या डोळ्यांसमोर झालं ते तुला काय सांगायचं? तुझ्या पाठीमागे जे झालं ते सांगते, आणि तव्यामागून मला जे दिसलं ते.

तू आधी देवळात गेलीस. मी गाड्यावरून बघितलं. फटाके वाजत होते, पालखीची गर्दी होती आणि त्यात तुझी निळी पिशवी दिसली. माझ्या हातातून अंडं निसटून तव्याच्या बाहेर फुटलं. बाबांनी विचारलं, काय झालं? त्यांनी माझ्या नजरेच्या रोखानं बघितलं आणि माझ्या हातातून उलथणं काढून घेतलं. म्हणाले, "जा."

मी आत आले नाही. दाराच्या खांबामागे उभी राहिले. तू कौलाचे तुकडे उचललेस, हातात धरलेस, त्यांच्यावरून अंगठा फिरवलास आणि परत फळीवर ठेवून दिलेस. टाकले नाहीस. मग हात जोडलेस. किती वेळ, ते सांगता येत नाही, पण माझ्या शेजारच्या म्हातारीची उदबत्ती अर्धी झाली तेव्हा तू वळलीस. मी पळत गाड्यावर परत आले. मला दम लागला होता. बाबांनी उलथणं परत दिलं.

पाटीपुढे तू थांबलीस तेव्हा तिथले दोघंजण एकमेकांना विचारत होते, सातव्या गाड्याची ओळ का खरवडली असेल? थू काका पलीकडून म्हणाले, "तिथे चव लिहिली होती, वाचता वाचता लोकांनी चाटून टाकली." तुला हसू आलं, ते त्यांनी बघितलं. त्या दिवसापासून ते सगळ्यांना सांगतायत, "जुंग माझ्या विनोदाला हसली."

तू रांगेत उभी राहिलीस. पुढे ये म्हणून कुणी हाक मारली नाही, कारण तुला ते नको असणार हे सगळ्यांना कळलं होतं. तुझा नंबर एकेचाळीस होता. छत्तीसपासून मी मोजत होते. कालवं मी तीनदाच धुतली होती. चरबी टाकली, कालवं टाकली, रताळ्याचं पीठ ओतलं. ते नेहमीसारखं एका बाजूला वाहायला लागलं, मी तवा कलता करून आवरलं. अंडं, पाला, मग उलटवणं. उलटवताना वाटलं, एकेकाळी हे तुझ्या हातून बघत मी अक्षरं गिरवली होती.

बाबा तुझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले तेव्हा तू म्हणालीस, "बसा ना." ते म्हणाले, "मला बसवत नाही." तू म्हणालीस, "वाकता येतं ना?" ताई, ते मला तव्यापर्यंत ऐकू आलं. बाबा बसले, आणि तू खाऊन होईपर्यंत उठले नाहीत. रात्री त्यांना कंबर शेकावी लागली.

मग मी आले. माझं तीन एप्रिलचं पत्र तू टेबलावर ठेवलं होतंस. मी ते उलगडून बघितलं. कुठेही लाल खूण नव्हती. शेवटी फक्त, शाळेत बाई वहीवर लिहितात तसं, "वाचलं." मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "माफ केलं असं मला म्हणवत नाही. विचारू नकोस."

"नाही विचारणार."

"तुझे हात अजून मंद आहेत."

"हो."

"अर्जाची मुदत जूनअखेर ना? बघते."

एवढंच. जाता जाता तू गाड्यामागे आलीस, खिळ्यावरचं तुझं उलथणं काढलंस, पातं बोटानं तपासलंस आणि म्हणालीस, "गंज धरलाय. तेल लाव." आणि ते परत तिथेच लटकवलंस. तू सही करणार की नाही, मला कळलेलं नाही. आता जूनपर्यंत पोस्टमनची सायकल वाजली की मी हातातलं टाकून दाराशी जाणार, ते मला माहीत आहे. ती वाट बघणं माझ्याकडेच राहू दे.

तू गेल्यावर तुझी ताटली मीच उचलली. लहानपणी तू मधला मऊ भाग खायचीस आणि कुरकुरीत कड जेवायच्या काड्यांनी कापून माझ्या ताटलीत टाकायचीस. रोज. मी कधी नको म्हटलं नाही, तुला ती आवडते का हेही कधी विचारलं नाही. ताटली उचलायला हात पुढे केला तेव्हा मला भीती वाटत होती की कड तिथे असेल, माझ्यासाठी ठेवलेली.

ताटली रिकामी होती, ताई. कड तू खाल्ली होतीस. सगळी.

चन